जवसाचे पॅनकेक

मी आयुष्यात एकूण सहा दिवस वीगन होतो.

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला सगळं कळतं, असं आईला वाटायचं आणि (खरं सांगायचं तर) मलाही! पहिल्या वर्षाला एका पाहुण्या वक्त्यांनी प्राण्यांवरच्या दयेवर तासभर भाषण दिलं आणि मी दूध, अंडी, लोणी एका दमात सोडलं.

नेमका राखेचा बुधवार, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला होता. त्याच्या आदल्या मंगळवारी आई पॅनकेक करते. ती वैजापूरला सिस्टरांच्या होस्टेलात स्वयंपाकाला होती, तिथं सिस्टर फिलोमिनांनी तिला ते शिकवले. माझ्या लहानपणी त्या संध्याकाळी ती डब्यात तीन पॅनकेक घेऊन यायची. झाकण उघडलं की लोण्याचा असा वास सुटायचा, की मी वासावरच अर्धा जेवायचो. पुढं आम्ही पडेगावला राहायला आलो. मी वीगन झालो त्याच वर्षी सिस्टर पहिल्यांदाच आमच्या घरी येणार होत्या आणि आईनं धसका घेतला होता.

"ज्यांनी शिकवलं त्यांनाच खाऊ घालायचं. बिघडलं तर तोंड कुठं दाखवू?"

अशा वेळी मी म्हणालो, "आई, यंदा मी करतो. बिनअंड्याचे, बिनदुधाचे."

"मग त्यात ऱ्हातं काय?" अप्पांनी विचारलं. (अप्पा म्हणजे माझे वडील. रिक्षा चालवतात आणि प्रश्न नेमके विचारतात.)

"करू द्या हो त्याला. कॉलेजात शिकतोय, त्याला ठाव असंल," आई म्हणाली.

सोयाबीनचं दूध आणायला मी क्रांती चौकापर्यंत गेलो. दुकानदार म्हणाला, "सोयाबीन? वो तो मोंढे में मिलेगा भाई, क्विंटल से!"

शेवटी शेंगदाणे भिजवून मिक्सरमधून दूध काढलं. अंड्याऐवजी जवसाची पूड पाण्यात भिजवायची, असं मोबाइलवर लिहिलं होतं. फळीवर जवसाचा डबा होताच. चांगले सहा चमचे घातले. पीठ तांबूस झालं. वासही जरा उग्र आला. मला वाटलं, दयेचा वास असाच असेल.

पहिला पॅनकेक तव्याला चिकटला. दुसरा उलथन्याला. तिसऱ्याचे मी पाच तुकडे केले (म्हणजे ते आपोआप झाले) आणि तेवढ्यात अप्पांची रिक्षा सिस्टरांना घेऊन दारात आली.

सिस्टर मूळच्या केरळच्या, पण तीस वर्षं वैजापुरात काढल्यामुळं आमच्यापेक्षा अस्सल बोलायच्या. त्यांनी एक तुकडा खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं.

"मार्था, लसूण कवापासून घालाय लागलीस गं?"

आईचा चेहरा उतरला. तिनं एक तुकडा तोंडात टाकला आणि माझ्याकडं पाहिलं. "कोणता डबा घेतला रं?"

"जवसाचा."

"आरं, ती चटणी व्हती!"

आता गप्प बसावं की नाही? पण मी घाबरलो की भाषण देतो. "सिस्टर, प्रश्न चवीचा नाही, त्यागाचा आहे..." असं म्हणून मी त्यागाचं महत्त्व सांगू लागलो. कुणाला? ज्यांनी विसाव्या वर्षी घरदार सोडलं, त्यांना! सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाळा, त्याग उद्यापासून. आज घरातली अंडी, दूध, लोणी संपवायचं असतं. म्हणून तर पॅनकेक करत्यात!"

"माझंच चुकलं, सिस्टर," आई खाली मान घालून म्हणाली.

ते मात्र मला सोसवलं नाही. "नाही सिस्टर, मी केलेत."

"व्हय, पहिल्या घासालाच कळलं. मार्थाचा हात मी वळखत नाय व्हय? चल मार्था, अंडी काढ!"

आईनं पदर खोचला. पहिला पॅनकेक तव्यावर उलटला आणि घरभर तो डब्यातला वास पसरला. सिस्टरांनी एक घास घेतला आणि नुसती बशी पुढं केली. "आणखी एक." आई इतकी हसली, की अप्पांनी वळून पाहिलं.

मग तिनं एक बशी माझ्यापुढंही ठेवली. "तू खातूस का नाय?"

मी क्षणभर दयेचा विचार केला. आईवरच्या. तिला वाईट वाटू नये म्हणून तीन खाल्ले. चौथ्याला मात्र काही कारण सापडेना, म्हणून तो मी आत जाऊन, ओट्याकडं तोंड करून, उभ्याउभ्या खाल्ला. पाचवाही.