हॅलोकाकू आणि तीन सेकंदांचा उशीर

...तर टाळी आली, पण मोजून तीन सेकंदांनी. काल इथवर आलो आणि बोलणं अर्धवट राहिलं. टाळी वाजवली होती हॅलोकाकूंनी, आपल्या खोलीत टॅब समोर उभा करून. उलट टाळी दिली होती भावजींनी, म्हणजे काकूंच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, दूरच्या शहरातल्या त्यांच्या घरातून. ठरलं होतं असं, की काकूंची टाळी कानावर पडली रे पडली की भावजींनी वाजवायची. काकूंची नजर मनगटावरच्या सेकंदकाट्यावर.

"भावजी, डुलकी लागली होती काय?"

पुन्हा तेवढाच वेळ शुकशुकाट. मग भावजींचा आवाज आला, "अहो मेहुणीबाई, ऐकली तशी वाजवली! आता काय तुमच्या मनात येण्याआधी वाजवू?"

काकूंनी वहीत लिहिलं, दुपारी चार, तीन सेकंद.

हॅलोकाकू हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता रेशनकार्डापुरतंच उरलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन ऑफिसात काढली. कानावर हेडफोन, समोर भोकांची ही भलीमोठी पाटी, आणि वायरींची टोकं खोचून या गावचा माणूस त्या गावच्या माणसाला जोडून द्यायचा. लाइनीत पाणी शिरलंय की जोड सुटलाय, हे त्या नुसत्या खरखरीवरून सांगायच्या. एकदा तर साहेबांना म्हणाल्या, "तिसऱ्या खांबावर बघा, कावळ्यानं घरटं केलं असणार." साहेब हसले. माणूस खांबावर चढला आणि घरटं घेऊनच खाली उतरला. त्यात साहेबांचं हरवलेलं पेनाचं टोपण निघालं असंही काकू सांगायच्या, पण ते सोडून द्या. रिटायर झाल्या तरी हॅलो म्हणायची ढब तीच. दारावरून त्यांनी नुसतं "हॅलो" म्हटलं की दूधवाला सायकल सोडून ताठ उभा राही.

अशा बाईला घरच्या इंटरनेटचा उशीर सापडू नये, हे तिच्या जिवाला फार लागलं होतं. पण खरं कारण वेगळंच होतं. ताईंना, त्या थोरल्या बहिणीला, सहा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, बोलणं मात्र गेलं. पूर्वी ताईंपुढे रेडिओनं हात टेकावेत असा तोंडाचा पट्टा. काकूंना लहानपणी एक वाक्य पुरं करायला मिळालं असेल तर शपथ. आता एकेक शब्द शोधून आणावा लागत होता. डॉक्टरांनी सांगितलं, रोज गप्पा मारा, बोलणं परत येईल. काकूंनी चारची वेळ बांधून घेतली.

आणि तिथंच घोळ झाला. काकू विचारायच्या, "ताई, चहा झाला का?" पलीकडे सामसूम. काकू थांबायच्या, मग न राहवून म्हणायच्या, "हॅलो? ऐकू येतंय का?" नेमकं त्याच वेळी ताईंचं अर्धं जुळवलेलं "झा..." येऊन पोचायचं आणि काकूंच्या हॅलोखाली चिरडलं जायचं. ताई गप्प. पुन्हा पहिल्यापासून. दोनदा तर ताईंनी तोंडच फिरवलं. मागच्या आठवड्यात भावजी पडेल आवाजात म्हणाले, "ही खुणेनं सांगते, फोनवर नको बसवू मला. हिला वाटतंय, तुम्ही कंटाळता हिला."

"मी? कंटाळते?" काकूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. ही गप्प बसलेली लाइन आहे की ताई आहे? एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

काकूंचा मुलगा फोटोग्राफर. वरच्या खोलीत बसून लग्नांचे, बारशांचे फोटो संगणकावरून गिऱ्हाइकांना पाठवायचा. आईवर जीव. त्यानं आधी डबा, म्हणजे भिंतीवरचा इंटरनेटचा डबा, कपाटावर हलवला. मग मोठा प्लॅन घेतला. "आई, आता तिप्पट वेग!"

दुसऱ्या दिवशी टाळी तीन सेकंदांनीच आली.

"वेग वाढला असेल रे," काकू म्हणाल्या, "पण रांग तेवढीच आहे."

मग वायरवाला आला. कंपनीचा माणूस, पन्नाशीचा, कमरेला पक्कड. त्यानं लॅपटॉप उघडला आणि काकूंना समजावून सांगितलं, "हे बघा, पिंग म्हणजे हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. आधी घरातल्या डब्याला हाक, मग बाहेरच्याला. म्हणजे दुखणं घरातलं की बाहेरचं ते कळतं."

"म्हणजे माझी टाळीच की!" काकू खूश.

डब्याची ओ लगेच. बाहेरचीही लगेच. वायरवाल्यानं खांदे उडवले. "बाई, लाइन ठणठणीत आहे." चहा पिऊन गेला. चार वाजता पुन्हा तीन सेकंद. दोन दिवसांनी त्याला पुन्हा बोलावलं. पुन्हा ठणठणीत. डॉक्टरच्या दारात पाय ठेवला की दाढ दुखायची थांबते ना, तशातली गत.

"आई, तुझ्या घड्याळाचंच काही..." मुलगा चाचरत म्हणाला.

"घड्याळाला नाव ठेवू नकोस. सरकारी वेळेवर चालतंय ते."

त्या संध्याकाळी काकू वही घेऊन बसल्या. आता त्या चारचीच वेळ धरून नव्हत्या. भावजींना हाताशी धरून सकाळी, दुपारी, जेवणाच्या वेळी टाळ्या पिटल्या होत्या. भावजी म्हणाले, "मेहुणीबाई, शेजारी विचारतायत, तुमच्याकडे भजन सुरू झालं का?" काकूंनी पानावर बोट फिरवलं. मंगळवारी टाळी लगेच. मुलगा बाहेर शूटिंगला. रोज दीड वाजता लगेच; तो काम मिटवून खाली जेवायला. वायरवाला आला तेव्हा लगेच... काकूंचं बोट थांबलं. वायरवाला आला की मुलगा लॅपटॉपचं झाकण मिटून चहा टाकायला खाली यायचा. पोरगा पाहुणचारात कधी कमी पडत नाही, आणि त्याच्या पाहुणचारानंच रोग लपत होता!

तिसऱ्या वेळी वायरवाला उंबऱ्यात आला तसा मुलगा स्वयंपाकघराकडे वळला. काकूंनी त्याची बाही धरली.

"वर जा. फोटो पाठव."

"अगं, यांचा चहा..."

"चहा मी करते. तू काम कर. आज तू काम केलंस तरच माझ्यावर उपकार."

तो वर गेला. वायरवाल्यानं हाक मारली. डब्याची ओ लगेच. बाहेरची ओ येईना, येईना, आणि मग आली. त्याचे डोळे विस्फारले.

"बाई, घरातून बाहेर जाणारा रस्ता तुमचा मुलगा गच्च भरून टाकतोय. हजार-हजार फोटो एकदम दारात उभे करतो. तुमचा आवाज बिचारा त्यांच्या मागं रांगेत."

"आणि मोठ्या प्लॅनचं?"

"त्यानं घरात येणारा रस्ता रुंद झाला हो. जाणारा होता तेवढाच."

काकूंनी वर बघून हाक दिली, "ऐकलंस का? तुझ्या नवरा-नवरींच्या वरातीत माझी ताई अडकली होती!"

मुलगा जिना उतरून आला तो कानकोंडा होऊन. वायरवाल्यानं डब्यात फोटो पाठवण्यावर मर्यादा घातली, बोलण्याला पुढची जागा दिली, आणि पुन्हा हाक मारून बघितली. वर फोटो जात असतानाही ओ झटकन. चार वाजता काकूंनी टाळी वाजवली आणि भावजींची टाळी जवळजवळ तिच्यावरच येऊन आदळली. भावजी स्वतःच दचकले.

मग ताई समोर आल्या. काकूंनी विचारलं, "ताई, आज काय केलंस दिवसभर?"

पलीकडे शांतता. एक. दोन. तीन. काकूंच्या ओठांवर हॅलो आला होता, तो त्यांनी गिळला. चार. ताईंची भुवई हलत होती, ओठ जुळत होते.

"खि... खिडकीत... बसले."

काकू टॅबकडे झुकल्या. पाच सेकंदांनी अजून एक शब्द आला, "ऊन."

दारात उभा राहिलेला मुलगा मनातल्या मनात मोजत होता. टाळी तर लगेच आली होती. म्हणजे हा सगळा उशीर मावशीचाच. त्याचा चेहरा पडला. तो आत आला, वाकून आईच्या कानाशी म्हणाला, "आई, हे काही लाइनचं नाही गं आता. कळल्यावर जास्तच वाईट वाटतंय का तुला?"

काकूंनी पडद्यावरची नजर न काढता टॅबच्या माइकवर तळवा ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "वाटतंय तर. पण आता निदान मध्ये हॅलो करून तिचं वाक्य मोडणार नाही मी. तू जा वर, फोटो पाठव तुझे. ती बोलतेय अजून."