मापाचे दोरे

वहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जयपूरजवळ सांगानेरला होतो. छपाईवाल्याच्या अंगणात कापडाची ओली थानं वाळत पडली होती आणि एका थानावर बुट्टी सरकली म्हणून मी त्याच्याशी हुज्जत घालत होतो. आमचा कारागीर सायकल तशीच टाकून धावत आत आला आणि म्हणाला, "भाईसाहब, बाई नहीं रहीं." लोकांनी मला बाजेवर बसवलं. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवर हात ठेवला... आणि तो हात पाठीवर असतानाच माझ्या मनात पहिला विचार आला, की आता ते माहीत असणारं कुणी उरलं नाही. सुटल्यासारखं वाटलं मला. ज्या बाईनं मला घरात ठेवून घेतलं, हातात कात्री दिली, माणसांत आणलं, तिच्या मरणानं मला क्षणभर हलकं वाटलं. स्वतःची किळस येते म्हणजे नेमकं काय होतं, ते त्या अंगणात कळलं. त्याला आता पाच आठवडे झाले. ती किळस वाढतच गेली आहे.

तेराव्यानंतर इथल्या मराठी मंडळींनी शोकसभा घेतली. विमा कंपनीतले एक वरिष्ठ अधिकारी बोलले, की कुमुदताईंनी जयपूरच्या वेशभूषेला मराठी हाताचं वळण दिलं. याच गृहस्थांच्या पत्नी पूर्वी नव्यानं बदलून आलेल्या बायकांना सांगत, "तिच्याकडे ब्लाउज टाका, पण घरातलं काही बोलू नका हं, मतलब... तिच्या पोटात काही राहत नाही." त्या पहिल्या रांगेत बसून डोळे टिपत होत्या. मग माझंच नाव पुकारलं गेलं. मी उठलो आणि म्हणालो, "वहिनींनी हवेल्यांचं काम स्वाभिमानानं सोडलं, कारण त्यांना याहून मोठं काही करायचं होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही वेळेवर डोळ्यांना रुमाल लावला. ते वाक्य साफ खोटं होतं. वहिनींच्या चितेला महिनाही झाला नव्हता आणि मी त्यांच्यावर आणखी एक थर चढवून आलो. तो खरवडून काढायचा म्हणून हा लेख लिहितो आहे.

स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी माझ्या थोरल्या भावाची, दादाची, हिशेब खात्यात जयपूरला बदली झाली. मी बी.ए. होऊन नोकरी शोधत होतो, म्हणून त्याच्या पाठोपाठ आलो. वहिनी अमरावतीला असतानाच मुलांचे फ्रॉक शिवून देत. इथे आल्यावर त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. जुन्या शहरातल्या हवेल्यांमध्ये पडदा कडक. शिंपी पुरुष, त्यानं बायकांचं माप घ्यायचा प्रश्नच नव्हता. बाहेर एखादी जुनी चोळी पाठवायची आणि त्यावरून अंदाजानं शिवून घ्यायचं. त्यामुळे त्या घरांतल्या भारी भारी पोशाखांना एक तर काखेत ओढ, नाही तर पाठीवर चुण्या. वहिनी बाई होत्या, त्यांना आतपर्यंत जाता आलं. वर्षभरात चार हवेल्या त्यांना 'मास्टरनी', म्हणजे शिंपीणबाई, म्हणू लागल्या.

पण माप कागदावर उतरवायला तिथल्या माजीसा, म्हणजे घरच्या वडीलधाऱ्या सासवा, तयार नव्हत्या. आमच्या सुनालेकींच्या छातीकमरेचे आकडे पुरुषांच्या हाती पडायचे नाहीत, म्हणाल्या. वहिनींनी तोड काढली. प्रत्येकीसाठी वेगळ्या रंगाचा एक दोरा. टोकापासून मापाइतक्या लांबीवर गाठी: छातीला एक, कमरेला दोन, बाहीला तीन. नाव नाही, आकडा नाही. कुठला रंग कुणाचा हे दोघांनाच ठाऊक असे, वहिनींना आणि मला. कारण घरी कापड बेतायला मी बसत असे.

त्या चार हवेल्यांपैकी एका घरच्या मुलीचं, बाईसाचं, लग्न ठरलं होतं. वय असेल सतराअठरा. तिचा दोरा डाळिंबी रंगाचा. तीन महिन्यांत वहिनींनी तिच्या कमरेची गाठ दोनदा पुढे सरकवली. दुसऱ्यांदा दोरा माझ्या हाती देताना म्हणाल्या, "भावजी, चार बोटं सैल बेता. आणि विचारू नका." मी विचारलं नाही. मी समजलो. निदान मला तसं वाटलं.

अस्तराचं कापड आणायला मी जोहरी बाजारात एका दुकानी जात असे. तिथे गादीवर दोनचार रिकामटेकडे कायम बसलेले. त्या दिवशी त्यांनी मला घेरलं. "आओ, मराठी बाबू! बी.ए. झालास ना? मग भाभीच्या चोळ्यांना काज-बटण करायची परीक्षा कधी?" दुकानदार म्हणाला, "अरे, याला सोडा. बायकांमध्ये बसून याची दाढीसुद्धा उगवेना." सगळे हसले. मला हसता हसता उडवून लावता आलं असतं. पण मला त्या क्षणी मोठं व्हायचं होतं. मी म्हणालो, "बायकांमध्ये बसतो म्हणून तर शहरातलं सगळं आधी मला कळतं. एका घरी लग्नाच्या पोशाखाला घेर वाढवून वाढवून थकलो. आता झालरीऐवजी पाळणाच टाकावा लागणार." काय हशा उसळला! "कुठलं घर, कुठलं घर?" मी घर सांगितलं नाही. फक्त डाव्या डोळ्यानं हवेलीच्या गल्लीकडे खूण केली. त्या गादीवर नवऱ्या मुलाच्या घरचा एक कारकून पान जमवत बसला होता, हे मला नंतर कळलं.

आठ दिवसांत लग्न मोडलं. हवेलीतून वहिनींना बोलावणं आलं. मी सोबत गेलो. मला ड्योढीवर, बाहेरच्या खोलीत, बसवलं आणि चहा दिला. पडद्यापलीकडून शब्द न् शब्द ऐकू येत होता. माजीसा रडत नव्हत्या, ओरडतही नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "मास्टरनी, किससे कहा?" वहिनींचा आवाज आला. "मेरे ही मुँह से निकला, माजीसा. कसूर मेरा है."

मी पडद्यापासून तीन पावलांवर होतो. उठून एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या हातात कपबशी होती. तो चहा मी संपवला.

आम्ही टांग्यानं परतलो. घराजवळ आल्यावर वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, ती पोरगी आजारी आहे हो. पोटात पाणी होतंय तिच्या. सुजलेले पाय बघितले असते तुम्ही तिचे... दोनदा माजीसांना म्हटलं, डॉक्टरीण बोलवा. लग्न उरकलं की बोलावू म्हणत होत्या." दोऱ्यात पाय नसतात. गाठ मारणाऱ्या हातांनी ती पोर पाहिली होती, आणि मी गाठ पाहून माझ्या मनातली घाण वाचली.

डॉक्टरीण आलीच नाही. बदनाम झालेल्या मुलीला आता कुणाला दाखवायचं? तिला गावाकडे पाठवून दिलं आणि दिवाळीच्या आत ती गेली. चारही हवेल्या बंद झाल्या. एका रात्री जेवताना दादा वहिनींना म्हणाला, "तुला तोंड सांभाळता येत नाही? बायकांची जातच अशी." त्या माझ्या पानात भात वाढत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. मी आमटी मागितली. दादा चार वर्षांपूर्वी गेला, तोवर तो तेच खरं मानत होता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, सभेत सांगूनही झालं. वहिनींनी सगळे दोरे चुलीत टाकले आणि इंचाची टेप आणली. एका मुलींच्या शाळेचे गणवेश घेतले. छावणीतल्या अधिकाऱ्यांच्या बायकांना हाउसकोट शिवून दिले. मग सांगानेरला जाऊन छपाईवाल्यांशी भांडूनभांडून साडीच्या काठाशी जुळणारे ब्लाउजपीस छापून घेतले, ते दिल्लीपर्यंत गेले. अलीकडे तर घागऱ्याचा घेर निम्म्यानं काढून घोट्यापर्यंतचे स्कर्ट बेतले आणि ते परदेशी बायका मागून नेऊ लागल्या. दरवेळी नवं काम, दरवेळी शून्यापासून सुरुवात. लोक याला कल्पकता म्हणतात. मला विचाराल तर एकेक दार तोंडावर बंद होत गेलं, म्हणून ती बाई पुढच्या दारापर्यंत चालत गेली. आणि प्रत्येक दुकानाच्या पाटीखाली मी उभा राहिलो, नमस्कार घेत. सभेत मला त्यांचा 'पाठीराखा' म्हणाले. हा शब्द ऐकल्यापासून अन्न गोड लागत नाही.

माझं धाडस झालं नाही, हे तर उघड आहे. पण भीती दोन-तीन वर्षांत संपली होती. त्यानंतर मी गप्प राहिलो ते सोयीचं होतं म्हणून. त्यांनी कधी विषय काढला नाही. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला मला न चुकता ओवाळत. त्या दिव्याच्या उजेडात मला त्यांच्याकडे वर बघवत नसे.

टिळकनगरात त्यांनी शेवटची सहा वर्षं मुलींसाठी शिवणवर्ग चालवला. गेल्या आठवड्यात मी तिथे गेलो. विमला नावाची त्यांची जुनी विद्यार्थिनी आता वर्ग घेते. मशिनी थांबवायला सांगून मी उंबऱ्यात उभ्या उभ्या, माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत, सगळं सांगितलं. दुकान, पाळणा, ड्योढी, चहा. बारा-तेरा मुली ऐकत होत्या. मला वाटलं, आता थुंकतील तर बरं.

विमला म्हणाली, "बाई हर नई लड़की को पहले दिन यही सुनाती थीं. कि एक लड़की का माप हमारे घर से बाहर गया था, और वो मर गई. इसलिए यहाँ माप ज़ोर से नहीं बोलते, कान में बोलते हैं."

"और नाम?" मी विचारलं. "किसने बाहर किया, ये नहीं बताया?"

"नहीं. बस इतना ही. 'हमारे घर से'."

मग एका मुलीनं टेप हातात घेतली, दुसरी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. विमला दाराशी आली. "भाईसाहब, अब आप बाहर बैठिए. माप लेना है." तिनं दार लावून घेतलं. आत कुणी तरी कुणाच्या तरी कानात काही सांगत असावं. मला एक अक्षरही ऐकू आलं नाही.