राणी जेवली काय?

भाषावार राज्यं झाली तेव्हा मी सातवीत होते. आमचं गाव बोथजवळ, ते आंध्रात गेलं. शाळा तीच राहिली, मराठीचा वर्गही राहिला, फक्त इतिहासाची नवी पुस्तकं यायची होती. आमच्या नव्या बाई तेलुगू होत्या. मराठी त्यांना समजायची, बोलताना मात्र अडायच्या.

त्या म्हणाल्या, "पुस्तक येतील. तोवर तुम्ही लिहा. जुन्या काळची गोष्ट. पहिलीच्या मुलांना वाचून दाखवायची."

रविवारभर मी ओसरीवर पालथी पडून लिहीत होते. एक किल्ला, एक राणी, तीन लढाया. रणांगण, पराक्रम, वीरगती, येत होते तेवढे जड शब्द घातले.

शनिवारी पहिलीच्या वर्गात वाचायला उभी राहिले. पहिल्या लढाईतच दोघं झोपले. दुसरीत एकानं शेजारणीची वेणी ओढली. तिसरी सुरू झाली तशी पुढं बसलेली माळ्याची चिमुरडी उठली.

"ताई, राणी जेवली काय?"

"ती लढून राह्यली ना!"

"सकाळपासून? उपाशीच?"

वहीत तसं काहीच नव्हतं. "जेवली," मी म्हणाले. "भाकर खाल्ली. अन् अंबाडीची भाजी."

सगळा वर्ग जागा झाला. मागून एक तेलुगू घरचा पोरगा ओरडला, "भाकर नाही, जोन्न रोट्टे!"

"भाकरच!" चिमुरडी कंबरेवर हात ठेवून म्हणाली.

पोरांचे दोन तट पडले. मी घाबरून बाईंकडे पाहिलं. बाई उठल्या, दोघांना जवळ बोलावलं आणि हवेतच हातावर भाकरी थापू लागल्या. थप, थप, थप.

"तुझी अम्मा अशी करते? तुझी आई पण?"

दोघांनी माना हलवल्या.

"मग? ज्वारी एकच!" बाई म्हणाल्या आणि स्वतःच खळखळून हसल्या. त्यांना इतकं हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

मग पोरं थांबेचनात. कुणी राणीला ठेचा दिला, कुणी कांदा. "दुश्मन बी उपाशी असंन," एक जण म्हणाला, तर दुश्मनालाही पंगतीत बसवावं लागलं. तिसरी लढाई वहीतच राहिली.

पुढं मी मुलांसाठी इतिहासातल्या कितीतरी गोष्टी लिहिल्या, पण इतकं कानात प्राण आणून ऐकणारं कुणी पुन्हा भेटलं नाही.

त्या सोमवारी मधल्या सुट्टीत ती चिमुरडी चार पोरं घेऊन आमच्या वर्गाच्या दारात हजर.

"राणी आज कुठं गेली?"

मला ठाऊक नव्हतं. तरी मी उठले आणि त्यांच्याबरोबर बाहेर लिंबाखाली जाऊन बसले.