बॉनेटच्या आड

फोन बँकेत आला. पलीकडे रामजतन मिस्त्री, दादाची गाडी बघणारा. "भैया, मास्टर साहब गिर गए हैं, मैदागिन पर... जल्दी आइए," एवढंच बोलला. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दादाला लोकांनी एका दुकानाच्या पायरीवर निजवलं होतं, वहिनी त्याच्या उशाशी बसल्या होत्या आणि गाडीचं बॉनेट उघडंच होतं. तो कोसळला तेव्हा त्या मागच्या सीटवर होत्या. मध्ये ते बॉनेट, त्यामुळे त्यांना काही दिसलंच नाही. लोक धावले तेव्हा कळलं. "भाऊजी, मी आपली वाटच बघत बसले हो... म्हटलं, पाणी बघताहेत," हे एकच वाक्य त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या.

दादा गणिताचा मास्तर. कोडं सुटल्याशिवाय जेवायला न उठणारा, महाचिवट माणूस. वहिनींच्या किडन्या निकामी झाल्या आणि मंगळवार-शुक्रवार रक्त शुद्ध करायला गावाच्या दुसऱ्या टोकाला, लंका नावाच्या मोहल्ल्यातल्या इस्पितळात न्यायची वेळ आली, तेव्हा त्याने ही जुनी गाडी घेतली. आमचं घर गंगेच्या घाटावर, मंगला गौरीच्या देवळाजवळ, तिथल्या गल्लीत सायकल नीट शिरत नाही तर गाडी कुठली! ती उभी राहायची बाहेर मोठ्या रस्त्यावर, मैदागिनच्या चौकात. वहिनी भिंतीला धरत धरत तिथवर चालत यायच्या. मग पिशवीतून तांब्याचा गडू काढायचा, बॉनेटला हळद-कुंकू लावायचं, गंगाजल ओतायचं आणि हात जोडायचे. एकही खेप त्यांनी चुकवली नाही. ही गाडी आपल्याला जगवते आहे, अशी त्यांची श्रद्धा होती.

आणि नेमकी हीच गाडी दगा द्यायला लागली. इस्पितळाच्या दिवशी निघाली की झटके द्यायची, फटफट करायची, एखाद्या वेळी मुकाट बंदच पडायची. एकदा गोदौलियाच्या गर्दीत अशीच अडकली. मागे वहिनींना श्वास घेता येईना, ओठ निळसर पडले, आणि दादा भर रस्त्यात वेड्यासारखा रिक्षावाल्यांच्या हाता-पाया पडत होता. त्या दिवशी त्या थोडक्यात वाचल्या. रामजतनकडे नेली की गाडी शहाण्यासारखी चालायची. "मास्टर साहब, एकदम मक्खन है," म्हणून तो हात पुसायचा. प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, टाकी धुतली. मंगळवार उजाडला की पुन्हा तेच. दादाला अन्न जाईना. "अरे, एक दिवस ही माझ्या डोळ्यांदेखत जाईल आणि मी स्टार्टर मारत बसलेला असेन," म्हणून तो माझ्यासमोर ढसाढसा रडला होता. त्याला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग एका शुक्रवारी वहिनींची पूजा झाल्या झाल्या त्याने बॉनेट उचललं. चारही प्लगना ठिणगी वाटून देणारा जो डबा असतो, त्याच्या टोपीवर आणि तारांवर पिवळसर पाण्याचे थेंब! ठिणगी ओलाव्यात वाया जात होती. इंजिन तापलं की पाणी वाळायचं, म्हणून मिस्त्रीला कधी काही सापडलं नाही. हे त्याने मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "मग सांग ना वहिनींना, बाबा!" तर माझ्यावरच उखडला. "काय सांगू? तुझ्याच हाताने तू मरत होतीस, असं सांगू? तेवढी पूजाच आता तिच्या हातात राहिलीय." तेव्हापासून पूजा झाली, वहिनी आत बसल्या की तो "पाणी बघतो" म्हणून बॉनेट उघडायचा आणि जुन्या पंच्याच्या फडक्याने सगळं कोरडं करायचा. मग गाडी कधी अडखळली नाही. तो गेला त्या दिवशीही तेच फडकं त्याच्या मुठीत होतं. मी ते काढून घेतलं आणि बॉनेटखाली त्याच्या नेहमीच्या जागी ठेवलं.

आता वहिनींना मी नेतो. त्या गाडीला पाणी घालत नाहीत. गडू घरीच ठेवतात. मी म्हटलं, "वहिनी, पूजा?" तर म्हणाल्या, "आता माझ्या हातचं कुंकू कशाला, भाऊजी? आणि पोचले काय, न पोचले काय..." मी भयंकर चिडलो. कसली मेली ही रीत! पण त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. परवा गोदौलियाला मात्र आपणहून बोलल्या, "बघा, कशी सुरळीत चालतेय. हे उगाच दर खेपेला बॉनेट उघडून बसायचे. काय बघायचे हो एवढं?"

"पाणी," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

पुढच्या मंगळवारी गडू मीच भरून नेणार आहे. त्यांनी हातात घेतला तर उत्तमच, नाहीतर मी ओतीन. मग बॉनेट उघडीन आणि ते फडकं घेऊन सावकाश पुसत उभा राहीन. बॉनेटच्या आड कोण उभं आहे, ते मागच्या सीटवरून दिसत नाही.