जुना पंखा

मिरच्या वाळत घातलेली चादर उडू नये म्हणून आज तिच्यावर होडीच्या इंजिनाचा जुना, तीन पात्यांचा पंखा ठेवला आणि केरीची खाडी आठवली. माणसं भरली की आमची होडी नाक वर करून चालायची, मागची बाजू वाळूला घासायची. गिऱ्हाइकं घाबरून तुटत होती. तरी ह्यांना जास्त वेगाचा पंखा हवा होता.

दुकानात मी हळूच म्हटलं, "चार पात्यांचा घ्या. दाट पेज ढवळायला रुंद दवलो लागतो."

"हें रांधप न्हय गो!" हे हसले. पण दुकानदाराने मान डोलावली, म्हणून घेतला.

नवा पंखा लावला आणि भरलेली होडी हळू चालतानाही नाक खाली ठेवून सपाट चालली. घरी येऊन ह्यांनी जुना पंखा माझ्यापुढे ठेवला. "घे, तुझ्या रांधपाक."

तेव्हा मला तो टोमणा वाटला होता. आता वाटतं, त्यांना शाबासकी तेवढीच देता येत होती.