निरंक नावाचा नवरा

संगणकाची वॉर्निंग मनाला लावून घेणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या हाताखाली होता. मुरबाडच्या आमच्या कचेरीत नळजोडणीसाठी गोळा केलेली घरोघरची माहिती त्यानं पर्ल या संगणकभाषेत लिहिलेल्या प्रोग्रामातून जाई. प्रत्येक ओळीत शेवटी घरधन्याचं नाव. ते नसलं की पडद्यावर ओळीच्या क्रमांकासह वॉर्निंग येई, की या जागी काही भरलेलंच नाही. बाकीचे चहाला उठत. हा क्रमांक एसटीच्या तिकिटामागे लिहून धसईची गाडी पकडे. नोंद घेणारा दुपारी येऊन गेलेला, घरात बाई एकटी. ती नवऱ्याचं नाव कशी घेणार? हा ओट्यावर बसून राही. एकीनं वैतागून शेजारणीला हाक मारली, "गो, आमच्यांचं नाव सांग यांना, नायतर हे जेवायला थांबतील." शेजारणीच्या नवऱ्याचंही तेच नाव निघालं, म्हणून तीही ते घेईना. सासू शेतावरून येईपर्यंत हा तिथंच.

रिकामं दिसलं की काहीतरी भर आणि पुढे चल, असं मी सांगून थकलो. तो म्हणे, "साहेब, रिकामं म्हंजे नाय असं नाय. आपण नीट विचारलं नाय." अशा ओळी आधीच तपासून तो वेगळ्या फाइलीत काढी. फाइलीचं नाव 'विचारायच्या'.

तो म्हसा गावच्या जत्रेला रजेवर गेला, तेव्हा मी ती तपासणी काढायला लावली आणि रिकाम्या जागी 'निरंक', म्हणजे सरकारी भाषेत 'काही नाही', असं भरवलं. वॉर्निंगा थांबल्या. यादी लागली आणि एका पाड्यातल्या निम्म्या बाया निरंकच्या बायका निघाल्या. "हा निरंक कोन रे, आमाला तरी दाखवा," म्हणून लोक हसले. पण नावं कागदपत्रांशी जुळेनात, म्हणून त्यांचे नळ अडकले. वरून खुलासा मागवला गेला. प्रोग्राम त्याचा, एवढंच मी कळवलं. त्याची शहापूरला बदली झाली. तो भांडला नाही. रविवारी रविवारी येऊन राहिलेली नावं गोळा करत राहिला. नळ आले ते त्यामुळे. निरंक माझा होता, त्याचा नव्हे.

तो वारल्यावर त्याच्या बायकोसोबत मी पेन्शनच्या कामाला गेलो. कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं. मी सांगायला पुढे झालो, तर तिनं हातानं थांबवलं.

"रिकामं सोडायचं नाय, सांगून गेलेत," ती म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा तिनं त्याचं नाव घेतलं. हळू, सासऱ्याच्या नावासकट. कारकुनानं मान वर न करता लिहून घेतलं.