घटपर्णीला आलेलं स्थळ

जयनगरच्या त्या गल्लीत वसुमतीबाई घोरपड्यांचं घर विचारलं, तर लोक आधी गच्चीकडे बोट दाखवीत. गच्चीवर हिरव्या जाळीचा मांडव होता, मांडवाखाली कुंड्या टांगलेल्या आणि कुंड्यांतून खाली लोंबणाऱ्या लहान लहान घागरी. पानाच्या टोकाला तंतू फुटतो, तंतूच्या टोकाला घागर धरते. घागरीला वर झाकण असतं. झाकणाखालच्या गोडव्याला भुलून मुंगी किंवा माशी आत घसरली, की ती काही परत येत नाही. या वेलीला घटपर्णी म्हणतात. वसुमतीबाईंच्या थोरल्या नणंदबाई, चंपाक्का, मात्र तिला सरळ 'माशीखाऊ' म्हणत आणि देवघराच्या आसपास तिची कुंडी दिसली की पदर सावरून लांबून जात.

घोरपडे तीन पिढ्यांचे बंगळूरकर. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि घरातल्या मराठीतही 'जरा'च्या जागी 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी' कायमचे मुक्कामाला आलेले. वसुमतीबाई विशीत घड्याळांच्या कारखान्यात लागल्या आणि पन्नाशीला आल्यावर आपण होऊन बाहेर पडल्या. मधली सगळी वर्षं डोळ्याला भिंग लावून केसाहून बारीक स्प्रिंगा चिमट्याने जागेवर बसवण्यात गेली. त्यांचा हात कापत नसे आणि त्या कामाची घाई करत नसत. घरात भांडण झालं तरी त्या शब्द शोधून, नेमका उचलून ठेवत. त्यांचे यजमान हरिभाऊ कोर्टात हेडक्लार्क होते, पण घरात अपील चालत नाही हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

वेल आली ती शेजारणीकडून. हवाईदलातलं एक कुटुंब शिलाँगहून बदली होऊन आलं होतं. त्यांनी तिकडच्या बागेतली फांदी आणली होती, तिचा तुकडा वसुमतीबाईंना दिला. वसुमतीबाईंनी तो मायेने वाढवला, म्हणजे गुलाबाला घालत तसं शेणाचं पाणी घातलं. पानं हातभर लांब झाली, घागर मात्र एक धरेना. त्याच वेलीचं एक जास्तीचं रोप गच्चीच्या कोपऱ्यात नारळाच्या सोडणांत खोचून त्या विसरून गेल्या होत्या. त्याला पावसाखेरीज काही मिळालं नव्हतं, आणि ते घागरींनी लगडलं होतं. वसुमतीबाई त्या रोपासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. खायला घातलं की ही वेल आळशी होते, उपाशी ठेवलं की स्वतःचं स्वतः मिळवते. त्या दिवसापासून शेण बंद, नळाचं पाणी बंद. गच्चीवर पिंपं आली आणि पावसाचं पाणी साठू लागलं.

दुसरी गोष्ट कळायला सात वर्षं लागली. घटपर्णीत नर वेल वेगळा असतो आणि मादी वेल वेगळी, आणि फुलल्याशिवाय कोण काय ते कळत नाही. वसुमतीबाईंची फुलली, ती मादी निघाली.

नर होता कृष्णमूर्तींकडे. कृष्णमूर्ती टपाल खात्यातून निवृत्त झालेले, उंच, किंचित वाकलेले, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणारे गृहस्थ. लालबागेतल्या पुष्पप्रदर्शनात दोघांची ओळख झाली आणि एकाच वेडाची माणसं भेटल्यावर होतं तसं झालं. दोघं कन्नडात तासभर बोलत उभे राहिले आणि हरिभाऊ बाकावर बसून शेंगा खात राहिले. कृष्णमूर्तींचा वेल त्यांच्या मेव्हण्याने पिनांगहून आणून दिला होता. घागरी गुबगुबीत, काठ तांबडाभडक, पण स्वभाव नाजूक. जरा ऊन लागलं की रुसायचा. वसुमतीबाईंची वेल लांबोडक्या हिरव्या घागरींची, दिसायला साधी, पण काटक.

"तुमच्या वेलाचं रूप आणि माझ्या वेलीचा काटकपणा," वसुमतीबाई म्हणाल्या, "एका रोपात आणायचं."

"जमेल?"

"न जमायला काय झालं?"

अडचण एकच होती. नर फुलायचा मार्चमध्ये, मादी फुलायची ऑगस्टमध्ये. म्हणून कृष्णमूर्तींनी त्या वर्षी पराग झटकून वसुमतीबाईंना दिले आणि त्यांनी ते पुडीत बांधून फ्रिजमध्ये ठेवले. सत्त्याण्णव सालची ही गोष्ट. एप्रिलमध्ये कृष्णमूर्ती बनशंकरीचं भाड्याचं घर सोडून मुलाकडे मारतहळ्ळीला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. पाचवा मजला, पश्चिमेची बाल्कनी. मे महिन्यात त्यांचा फोन आला.

"गेला तो, वसुमतीअम्मा. मुळापासून."

वसुमतीबाईंनी फ्रिजकडे पाहिलं.

"आता तुमच्याकडची पुडी तेवढी उरली," कृष्णमूर्ती म्हणाले आणि फोन ठेवला.

पुडीत चिमूटभर पिवळी पूड होती. त्या वेलाचं जगात एवढंच शिल्लक होतं. वसुमतीबाईंनी तिची फार काळजी घेतली. दमट हवा लागू नये म्हणून स्टीलच्या डबीत कोरडे तांदूळ घातले, तांदळावर पुडी ठेवली. पुडीची घडीही हाताला सवयीची होती तशीच घातली, चारी कोपरे आत मुडपून. त्यांच्या घरात अंगारा, भंडारा याच घडीत येत असे. वर काही लिहिलं नाही. आपल्या डबीला कोण हात लावणार?

आणि घरात फ्रिज तर अर्धा चंपाक्कांचाच होता. घोरपड्यांचं कुलदैवत मैलारलिंग, म्हणजे कानडी मुलखातला खंडोबा. दर वर्षी जत्रेहून कुणी ना कुणी भंडारा आणून देई आणि मुंग्यांच्या भीतीने अक्का तो फ्रिजच्या दारात ठेवीत.

ऑगस्टात वेलीला तुरा आला. फुलं खालून वर उमलत जातात. फुलाचं तोंड चिकट, ओलं होऊन चमकू लागलं, की पराग लावायचे. खालची फुलं त्या पावसाळी हवेत चमकेनात आणि एकेक करून मिटली. एका रविवारी सकाळी मात्र ऊन पडलं, वसुमतीबाईंनी भिंगातून पाहिलं आणि वरची फुलं मधाचा थेंब ठेवल्यासारखी चमकत होती. त्या जिना उतरून थेट फ्रिजपाशी आल्या. डबी नव्हती.

"अक्का, फ्रिजमधली माझी स्टीलची डबी कुठाय?"

"अक्षतांची? ही काय, घासायला टाकली."

"अक्षता नव्हत्या त्या. आत एक पुडी होती."

"हो, भंडाऱ्याची. हरीच्या नव्या स्कूटरला लावला." अक्कांनी समाधानाने हात पुसले. "दारातला आपला कधीच संपला होता. म्हटलं, वसूने जपून ठेवलाय, बरं झालं."

वसुमतीबाई स्टुलावर बसल्या. क्षणभरच बसल्या.

"कोरडा लावलात की भिजवून?"

"भंडारा कधी कुणी भिजवतं का? इतकी वर्षं संसार केलास, आणि हे मी सांगायचं?"

"सगळा?"

"होताच केवढा! सगळा पुढच्या दिव्याच्या काचेला लावला. हरीच्या कपाळाला उरलाच नाही, त्याला नुसतं कुंकू लावलं."

"हे कुठे गेलेत?"

"बनशंकरीच्या देवळात, गाडीची पूजा करायला. तू वर त्या माशीखाऊपाशी होतीस, म्हणून तुला हाक नाही मारली." मग भावजयीचा चेहरा पाहून अक्कांचा आवाज उतरला. "काय होतं गं त्या पुडीत?"

"तिचं स्थळ होतं, अक्का. कृष्णमूर्तींचा वेल मेला ना, त्याचे शेवटचे पराग."

चंपाक्का सत्तरीच्या होत्या, माळकरी होत्या आणि माशीखाऊचा त्यांना तिटकारा होता. पण आलेलं स्थळ आपल्या हातून मोडलं, हे त्या कुणाच्याच बाबतीत सहन करू शकत नसत. त्यांनी चपला घातल्या.

"मग उभी काय राहिलीस? चल. रिक्षा मी थांबवते."

वसुमतीबाईंनी भिंग, बारीक कुंचला आणि कोऱ्या कागदाचा तुकडा घेतला. रिक्षात अक्का चालकाच्या मानेपाशी तोंड नेऊन "बेगा, बेगा होगप्पा" म्हणत त्याला घाई करत राहिल्या आणि प्रत्येक सिग्नलला सरकारला शिव्या देत राहिल्या. वसुमतीबाई वाऱ्याचा हिशेब करत होत्या. हरिभाऊ सायकलच्या वेगाने स्कूटर चालवतात, ही गोष्ट आजवर त्यांना कधी आवडली नव्हती. आज आवडली.

देवळासमोर नव्या गाड्यांची रांग होती. पुढे एक मोटार, मग हरिभाऊंची स्कूटर, मागे केळीचे खुंट बांधलेली एक लॉरी. स्कूटरच्या दिव्यावर शेवंतीची जाड माळ होती आणि शेजारी हरिभाऊ नव्या शर्टात, जावयासारखे उभे होते. भटजी मोटारीवर तीर्थ शिंपडत होते.

"अहो, बाजूला व्हा."

"वसू? तू इथे कशी? आणि अक्का?"

वसुमतीबाईंनी माळ वर केली, उकिडवं बसून डोळ्याला भिंग लावलं. काचेच्या मध्यावरचं सगळं उडून गेलं होतं. पण काचेला धरणाऱ्या चकचकीत कड्याच्या खाचेत, जिथे माळेने वारा अडवला होता, तिथे एक बारीक पिवळी रेघ बसली होती. त्यांनी कुंचला कोरडा आहे ना ते ओठाला लावून पाहिलं आणि खाच झाडायला सुरुवात केली.

"लोक बघतायत," हरिभाऊ कुजबुजले. "त्यांना वाटेल, गाडी जुनी घेतली आणि आता तपासतेय."

"वाटू दे. भंडारा नव्हे हा, कृष्णमूर्तींच्या वेलाचे पराग आहेत."

"त्यात शेवंतीचेही आले असतील की!"

"आले तर आले. माझी वेल त्यांना विचारायची नाही."

भटजी तांब्या घेऊन स्कूटरपाशी आले. "अम्मा, काय चाललंय?"

अक्का मध्ये उभ्या राहिल्या. "लग्न चाललंय, स्वामी. स्वल्प थांबा."

"कुणाचं?"

"झाडांचं."

अश्वत्थ आणि निंब यांची लग्नं लावण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना यात नवल वाटायचं कारण नव्हतं. "सरी," ते म्हणाले, "मग मी आधी लॉरी उरकतो." आणि मागे गेले.

कागदावर जमलं ते मोहरीच्या दोन दाण्यांएवढं होतं. वसुमतीबाईंनी कागद मुडपला, ब्लाउजमध्ये ठेवला आणि त्याच रिक्षाने परतल्या. गच्चीवर वारा होता, तुरा हलत होता. हरिभाऊ देवळातच होते.

"अक्का, स्वल्प धरता?"

अक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या वेलीला हात लावला. दोन बोटांत तुरा धरला, तोही श्वास रोखून. वसुमतीबाईंनी एकेका चमकत्या फुलाच्या तोंडाला कुंचल्याचं टोक टेकवलं. वरची सहा-सात फुलं झाली आणि कागद संपला.

मग त्यांनी कृष्णमूर्तींना फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"स्कूटरच्या दिव्यावर?" पलीकडून आवाज आला.

"हो. चूक माझीच. पुडीवर लिहायला हवं होतं."

"मग आता?"

"धरतील."

"एवढ्या खात्रीने सांगता?"

"पराग कोरडे होते, फुलं ओली होती. आणखी काय लागतं?"

पंधरवड्यात बाकीचा तुरा वाळून काळा पडला. वरची काही फुलंही गळाली. कृष्णमूर्ती दर आठवड्याला फोन करून फक्त "हं?" एवढंच विचारत आणि वसुमतीबाई "अजून हिरवी आहेत" म्हणत. मग एके दिवशी त्या म्हणाल्या, "चार फुगलीत." कृष्णमूर्तींनी त्यावर मारतहळ्ळीच्या पाणीटंचाईबद्दल बरंच काही सांगितलं आणि मग एकदम फोन ठेवला.

डिसेंबरात बोंडं तपकिरी झाली. बी उडून जाऊ नये म्हणून त्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधल्या होत्या. त्या सोडल्या तेव्हा बी निघालं ते दोन्ही टोकांना निमुळतं, धाग्याच्या तुकड्यासारखं, आणि इतकं की पसरट कुंड्या कमी पडल्या. फेब्रुवारीत सोडणांच्या चुऱ्यावर हिरवे ठिपके दिसले.

पुढच्या पावसाळ्यात कृष्णमूर्ती दोन बस बदलून आले. रोपं रुपयाएवढी झाली होती. प्रत्येक पानाच्या टोकाला जिऱ्याएवढी घागर. बहुतेक हिरव्या होत्या, पण काहींच्या काठावर तांबडी कड उमटली होती. कृष्णमूर्तींनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, मग कुंडीच्या कडेवर हात ठेवून उभेच राहिले.

"हा काठ त्याचा," ते म्हणाले.

"अर्धी रोपं तुमची."

"त्या बाल्कनीत? पुन्हा नाही."

"रोपं तुमची, गच्ची माझी. तुम्ही यायचं."

ते हसले. "फुलायला किती वर्षं?"

"सहा-सात."

"मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, अम्मा."

"म्हणून तर आजपासून यायला लागा. पिंपातून पाणी काढायला इथे माणूस कमीच पडतो."

जिन्यात चंपाक्कांचा आवाज आला. त्या कॉफी घेऊन धापा टाकत वर येत होत्या आणि प्रत्येक पायरीला जिना बांधणाऱ्याचा उद्धार करत होत्या. कृष्णमूर्तींनी बाह्या दुमडल्या आणि झारी उचलली.

"कोणत्या आधी?"

"भिंतीकडच्या," वसुमतीबाई म्हणाल्या. "पण हळू. मुळं अजून कोवळी आहेत."